रस्ता तोच, धूर तोच. मग त्रास मलाच का?

वाचकाचं पत्र (ओळख लपवून, थोडक्यात):

वय ४३. सांगली-मिरज रस्त्याला लागून आमचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी आणि थोरला भाऊ मिळून चालवतो. दुकानाच्या वरच मी, आई, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी राहतो. दादाचं घर आत कॉलनीत आहे. शिंका, चोंदलेलं नाक, डोळ्यांना खाज हे कॉलेजपासूनचंच. चार वर्षं झाली, रात्री दोन-अडीचला छातीत सुईंसुईं वाजून जाग येते आणि उठून बसावं लागतं. मिरजेत त्वचेची तपासणी केली. घरातल्या धुळीतले किडे आणि गाजर गवत, या दोनच गोष्टींची ॲलर्जी निघाली. धुराची निघाली नाही. मग गाद्या बदलल्या, पडदे काढले, चादरी गरम पाण्यात धुतो. तरी रात्रीचं चुकत नाही. जत तालुक्यात आमचं गाव आहे. तिथे गेलो की दोन दिवसांत मोकळं वाटतं. पण गेल्या वर्षी शाळूच्या सुगीत गेलो तेव्हा तिथेही हाल झाले. दादा म्हणतो, "धूर तर सगळ्यांच्याच नाकात जातोय. समोरचा चहावाला, वडापवाले, मी, कुणाला काही नाही. तुलाच कसं होतं?" दम लागला की निळा पंप ओढतो, एरवी काही घेत नाही. आईला त्या पंपाचीही भीती वाटते, सवय लागेल म्हणते. आता मुलीलाही सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू झाल्यात. दुकानातला हिस्सा दादाला देऊन गावी जावं असं सारखं मनात येतं. शेत आहे, पण त्यावर पोट भरणार नाही. जावं, की सहन करावं?

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. विचारलाय तो प्रश्न दुकानाचा, पण टोचलंय ते दादांचं वाक्य, असं मला वाटतं. 'तुलाच कसं होतं?' याचं उत्तर तुमच्याजवळ नाही, म्हणून चार वर्षं रात्री उठून बसणारा माणूस स्वतःवरच संशय घेऊ लागलाय. तेव्हा आधी दादांचा प्रश्न घेऊ. तो वाईट हेतूनं विचारलेला नाही आणि त्याला चांगलं उत्तर आहे.

तोंड आलेल्या माणसाला रोजचीच आमटी झोंबते. आमटीत तिखट वाढलेलं नसतं, ताटाला ताट लावून बसलेले बाकीचे तीच आमटी भुरकत असतात. म्हणून 'तुलाच कशी झोंबते' असं त्याला कुणी विचारत नाही, कारण तोंड आलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुमच्या नाकाचं आणि श्वासनलिकांचं आतलं अस्तर असंच आहे. किड्यांच्या आणि गाजर गवताच्या ॲलर्जीनं ते बाराही महिने थोडं सुजलेलं, हुळहुळं राहतं, फक्त ते कुणाला दिसत नाही. चहावाल्याच्या छातीत जातो तोच धूर तुमच्या हुळहुळ्या अस्तरावर येऊन पडतो. आणि चहावाल्याला काही होत नाही हेही खरं नाही. रहदारीचा धूर हृदयाचं आणि रक्तवाहिन्यांचं नुकसान करतो, पण ते वर्षानुवर्षं मुकाट्यानं होत जातं. तुमची छाती त्याच रात्री बोलते, एवढाच फरक. हे दादांनाही सांगा, कारण गल्ल्यावर तेही बसतात.

आता तपासणीबद्दल. 'धुराची ॲलर्जी निघाली नाही' या वाक्यावर तुम्ही फार मोठा इमला उभा केलाय. त्या तपासणीत हातावर निरनिराळ्या पदार्थांच्या अर्काचे थेंब ठेवून सुईनं हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांध उठली का ते पाहतात. शरीरानं ज्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार केली असतील, त्याच्या थेंबावर गांध उठते. धूर हे प्रथिनच नाही, त्यामुळे तपासणीत त्याचा थेंब नव्हता आणि असणारही नव्हता. तिला विचारलं ते एवढंच की तुमच्या शरीराचं वैर कशाशी आहे. ते वैर कोण पेटवतं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःसुद्धा बरीच वर्षं शिंकणाऱ्या माणसाला 'धुळीनं त्रास होतो का' एवढंच विचारत आले. 'झोपता ती खोली रस्त्यापासून किती लांब आहे' हे विचारायला मला उशिरा सुचलं, आणि त्या प्रश्नानं बऱ्याच जणांची गाठ सुटायला मदत झाली.

धूर ॲलर्जी कशी पेटवतो, हे समजून घेण्यासारखं आहे. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी फरशीसारख्या एकमेकींना घट्ट चिकटून असतात आणि त्यांच्यावरचे बारीक केस घाण वर ढकलत असतात. डिझेलच्या धुरातले कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड वायू ही फरशी उखडतात, केसांची हालचाल मंद करतात. मग एरवी वरच्यावर अडला असता तो किड्यांच्या विष्ठेचा किंवा परागाचा अंश आत झिरपतो. त्यातही डिझेलचे सर्वांत बारीक कण ०.१ मायक्रॉनहूनही लहान असतात आणि त्यांच्या अंगावर ही प्रथिनं चिकटून बसू शकतात. शिवाय हा धूर रोगप्रतिकारशक्तीला चुकीच्या दिशेनं ढोसतो. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी रॅगवीड या गवताची ॲलर्जी असलेल्या लोकांच्या नाकात एकदा नुसता त्या गवताचा अर्क दिला आणि एकदा त्याच्या जोडीला डिझेलचे कण दिले. जोडीनं दिल्यावर त्या गवताविरुद्धची प्रतिपिंडं कित्येक पटींनी वाढली. रॅगवीड आपल्याकडच्या गाजर गवताच्याच कुळातलं आहे. तुमच्या तपासणीत निघालेलं दुसरं नाव कोणतं ते आठवा.

आता रात्री दोन-अडीच वाजताची गोष्ट. तुम्हाला वाटतं, त्रास गादीवर होतो म्हणजे दोष गादीचा, आणि म्हणून गादी बदलूनही काही झालं नाही तेव्हा तुम्ही खचलात. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या एका बोगद्यात ॲलर्जीचा दमा असलेल्या वीस लोकांना मोटारीत अर्धा तास बसवून ठेवलं होतं. २००० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बोगद्यातून बाहेर काढून चार तासांनी त्यांना ज्याची ॲलर्जी होती ते पराग अगदी थोड्या प्रमाणात हुंगवले. ज्यांना बोगद्यात नायट्रोजन डायऑक्साइड जास्त लागला होता, त्यांच्या नळ्या एरवीपेक्षा जास्त आवळल्या आणि नंतरच्या तासांतही त्यांना त्रास जास्त झाला. म्हणजे धूर लागला दुपारी आणि त्याची किंमत मोजली संध्याकाळी.

हेच तुमच्या दिवसावर ठेवून बघा. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ तुमच्यासमोरच्या रस्त्याला सर्वांत जास्त गर्दी. शाळा-क्लासची पोरं वह्या-झेरॉक्स घ्यायला येतात, तेव्हाच एसटी, वडाप, ट्रक, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. तुम्ही गल्ल्यावर, रस्त्याकडे तोंड करून. अकराला जेवून वर झोपता. गादी कितीही स्वच्छ ठेवली तरी तिच्यात किड्यांचा थोडा अंश राहतोच. उखडलेल्या फरशीला तेवढा पुरतो. ॲलर्जीची दुसरी लाट मूळ संपर्कानंतर साधारण तीन-चार तासांनी सुरू होते, आणि पहाटेपूर्वीच्या तासांत दम्याच्या नळ्या तशाही सर्वांत आवळलेल्या असतात. दोन-अडीच वाजता नेमकं हे सगळं एकत्र येतं. तेव्हा चादरी गरम पाण्यात धुण्याची तुमची मेहनत वाया गेलेली नाही, ती चालूच ठेवा. फक्त तुम्ही आगीतलं लाकूड कमी केलंत, फुंकणी मात्र खाली दुकानात चालूच राहिली.

लंडनचा एक प्रयोगही तुमच्या कामाचा आहे. दमा असलेल्या साठ प्रौढांना एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि एकदा जवळच्याच हाइड पार्कमध्ये दोन-दोन तास चालवलं. त्या रस्त्यावर तेव्हा डिझेलच्या बस आणि टॅक्सीच धावत. रस्त्यावर चालल्यावर एका सेकंदात जोरात सोडता येणाऱ्या हवेचं प्रमाण सरासरी सहा टक्क्यांपर्यंत घटलं. बागेतल्यापेक्षा ही घट स्पष्टपणे जास्त होती आणि ज्यांचा दमा मुळात जरा जास्त होता त्यांना फटकाही जास्त बसला. हे २००७ साली प्रसिद्ध झालं. दोन तासांत एवढा फरक पडतो. तुम्ही रोज दहा-बारा तास रस्त्यावर असता आणि झोपताही रस्त्यावरच. सकाळी फिरायला जात असाल तर याच रस्त्याच्या कडेनं विश्रामबागपर्यंत जाऊन येऊ नका. चालताना माणूस बसल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतो. आमराईत जा, नाहीतर आतल्या कॉलन्यांतून चक्कर मारा.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे गावी जावं हेच बरोबर ना? थांबा. इथे मला तुमच्या दुसऱ्या गृहीताला हात घालायचाय. गावची हवा म्हणजे स्वच्छ हवा, असं तुम्ही धरून चाललाय आणि पुढच्याच वाक्यात शाळूच्या सुगीतले हाल सांगितलेत. तुमच्या छातीनं उत्तर दिलंय, तुम्ही ते मोजणीत धरलं नाहीत. मळणीच्या वेळी उडणारी भुसकट, कडब्याची धूळ आणि बुरशी, बांधावरचं गाजर गवत, चुलीचा धूर, शेजारच्या रानात पेटवलेलं उसाचं पाचट किंवा काडीकचरा, यातली एकेक गोष्ट तुमच्यासारख्याला पुरेशी आहे. शेतावर राहायचं तर हे दोन दिवसांचं राहणार नाही.

जपानमध्ये निक्कोच्या परिसरात 'सुगी' नावाच्या (आपली सुगी नव्हे) देवदारासारख्या झाडांचं रान आहे आणि त्याच झाडांच्या रांगांमधून गेलेले गर्दीचे रस्तेही आहेत. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं की या झाडांच्या परागाची ॲलर्जी रानातल्या वस्तीपेक्षा गर्दीच्या रस्त्याकडेच्या वस्तीत जास्त होती. पराग दोन्हीकडे भरपूर. म्हणजे रहदारीपासून दूर जाण्याचा फायदा खराच आहे. पण रानातल्यांनाही ॲलर्जी होतीच, ती शून्य नव्हती.

शिवाय सुट्टीत गावी गेल्यावर फक्त हवा बदलत नाही. गल्ला नसतो, झेरॉक्सचं यंत्र नसतं, झोप पूर्ण होते, डोक्याला ताप नसतो. यातल्या कशानं मोकळं वाटतं ते आज तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. मग वडिलांचं दुकान सोडण्याएवढा निर्णय अंदाजावर का घ्यायचा? मोजून घेऊ.

पीक फ्लो मीटर नावाचं प्लॅस्टिकचं नळीसारखं साधन औषधाच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतं. उभं राहायचं, पोटभर श्वास घ्यायचा, ओठ घट्ट लावून एका दमात जोरात फुंकायचं. काटा सरकून आकडा दाखवतो. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. उठल्यावर, दुपारी, दुकान बंद केल्यावर आणि झोपताना असं चार वेळा, दोन आठवडे. त्यात शेवटचे चार-पाच दिवस तरी गावी जाऊन तसंच लिहा. शेजारी दोन शब्दांची नोंद ठेवा: 'गल्ल्यावर मी', 'गल्ल्यावर दादा', 'बाजूला कचरा पेटवला', 'पंप दोनदा'. दिवसातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक रोज सरासरीच्या दहा टक्क्यांहून जास्त पडत असेल, तर नळ्या आटोक्यात नाहीत असं डॉक्टर समजतात. तुमची वही घेऊन गेलात तर त्यांचं अर्धं काम झालेलं असेल. हाच खेळ एकदा ऐन थंडीत आणि एकदा सुगीत परत करा, कारण तुमचा गुन्हेगार ऋतूप्रमाणे बदलतो. डिसेंबर-जानेवारीत जमिनीलगतची गार हवा वर सरकत नाही, वरच्या उबदार थराखाली अडकून पडते, आणि रात्रभर जाणाऱ्या ट्रकांचा धूरही तिच्यासोबत तुमच्या खिडकीपाशी मुक्काम करतो.

मोबाइलवर सांगलीचा हवेचा निर्देशांक बघून घाबरू नका, आणि 'आज तर समाधानकारक दाखवतोय' म्हणून गाफीलही राहू नका. तो आकडा यंत्र जिथे बसवलंय तिथल्या हवेचा. तुमच्या गल्ल्यापुढं एसटी वेग घेते त्या क्षणाची हवा त्यात नाही.

आता निळ्या पंपाबद्दल, आणि इथे मी मऊ बोलणार नाही. तुम्ही घेता ते औषध आवळलेल्या नळीचे स्नायू काही तास सैल करतं. सूज तशीच राहते. तोंड आलंय आणि तुम्ही प्रत्येक घासानंतर पाणी पिताय, औषध मात्र लावत नाही, असं हे चाललंय. चार वर्षं रात्री जाग येणं म्हणजे दमा आटोक्यात नसणं. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून स्पष्ट सांगितलंय की प्रौढांचा दमा नुसत्या या पंपावर ठेवू नये, श्वासातून घ्यायचं सूज कमी करणारं स्टेरॉइड त्याच्यासोबत हवंच. कोणता पंप, किती, हे तुम्हाला तपासून डॉक्टर ठरवतील. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव तुमच्या उंबऱ्याशी आहे. फुंकून करायची स्पायरोमेट्री तपासणी पंपाआधी आणि पंपानंतर करून घ्या. पंप ओढायची पद्धत समोर करून दाखवा आणि चुकत असेल तर दुरुस्त करून घ्या, कारण चुकीच्या पद्धतीनं औषध जिभेवरच राहतं. घेतल्यावर चूळ भरायची.

आईंना सांगायचं तर असं सांगा. गोळीतून स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये पोटात जातं आणि अंगभर फिरतं. पंपातून ते मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजाराव्या भागाच्या हिशोबात, थेट नळीवर पडतं. सवय लागायची धास्ती घ्यायचीच तर दम वाढला की दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या 'बारीक गोळ्यां'ची घ्या. असं करणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत आणि ती ठिसूळ हाडं, वाढलेली साखर घेऊन येतात. पंपानं सूज उतरली की धूर अजिबात लागणार नाही असं मी म्हणत नाही, पण आमटी आजच्याइतकी झोंबणार नाही.

नाकाकडेही लक्ष द्या, नाक आणि छाती ही एकाच नळीची दोन टोकं आहेत. नाकातला स्टेरॉइडचा फवारा एका दिवसात काम करत नाही, काही आठवडे नेमानं लागतो. मारताना नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाकडे करा. दुकान बंद केल्यावर मिठाच्या पाण्यानं नाक धुणं फार बरं. जलनेती येत असेल तर उत्तमच. पाणी मात्र उकळून गार केलेलंच हवं, नळाचं थेट नको.

राहण्याच्या जागेवर मला सर्वांत जास्त बोलायचंय, कारण तुमच्या पत्रात 'दुकान की गाव' असे दोनच रस्ते आहेत आणि मधली वाट तुम्हाला दिसलेली नाही. ताज्या धुरातले अतिसूक्ष्म कण आणि काजळी रस्त्यापासून पहिल्या शंभर-दीडशे मीटरमध्ये झपाट्यानं विरतात. तीनशे ते पाचशे मीटर आत गेलं की ते जवळपास शहराच्या इतर हवेइतके होतात. मोठ्या महामार्गांवर पुन्हा पुन्हा केलेल्या मोजण्यांतून हे दिसलंय. जत कितीतरी किलोमीटर लांब आहे, तुम्हाला कदाचित तीनशे मीटर पुरतील. दादांचं घर आत कॉलनीत आहे असं तुम्हीच लिहिलंय. 'मला काही होत नाही' म्हणणारे दादा रात्री आठ तास रस्त्यापासून दूर झोपतात आणि तुम्ही रस्त्याला लागून. तुमच्या दोघांतला हा फरक दोघांच्याही लक्षात आलेला दिसत नाही.

म्हणून माझा सल्ला: दुकान आत्ता सोडू नका, वरचं घर सोडायचा विचार करा. वरच्या खोल्या क्लासला, ऑफिसला किंवा गोदामाला भाड्यानं द्या आणि आतल्या गल्लीत भाड्याचं घर बघा. फरक पडतोय असं वहीत दिसलं तरच पुढचं पाऊल. घर बघताना समोर शंभर फुटी रस्त्यासारखा दुसरा वाहता रस्ता नाही ना, शेजारी बेकरीची भट्टी किंवा कचरा पेटवायची जागा नाही ना, हेही बघा.

आणि हे मी मुलीसाठी जास्त आग्रहानं सांगतेय. कॅलिफोर्नियात साडेतीन हजारांहून जास्त मुलांची फुप्फुसं आठ वर्षं मोजत गेले. मोठ्या महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ दीड किलोमीटरपलीकडच्या मुलांपेक्षा कमी भरली. तिथले महामार्ग आपल्या रस्त्यापेक्षा खूप मोठे आहेत, तेव्हा ते जसंच्या तसं इथे लावू नका. पण वाढतं फुप्फुस रस्त्यालगत झोपवू नये एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. दुसरी गोष्ट, ज्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगांबद्दल वर लिहिलं, त्याच संशोधकांनी ॲलर्जीची प्रकृती असलेल्या लोकांच्या नाकात एका समुद्री गोगलगायीचं प्रथिन घातलं होतं, जे त्यांच्या शरीरानं आधी कधी पाहिलंच नव्हतं. नुसतं प्रथिन दिलेल्या दहांपैकी एकालाही त्याची ॲलर्जिक प्रतिपिंडं तयार झाली नाहीत. डिझेलच्या कणांसोबत दिलेल्या पंधरांपैकी नऊ जणांत झाली. धूर जुनी ॲलर्जी पेटवतो, तसा प्रकृती असलेल्या शरीरात नवी रुजायलाही मदत करतो. तुमची मुलगी तुमची आहे, प्रकृती तिच्याकडे आली असण्याची शक्यता आहेच. तिच्या शिंका 'सर्दी आहे' म्हणून सोडू नका. रात्री कोरडा खोकला येतो का, पळल्यावर मागे पडते का, हे बघा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पण तिच्यासमोर 'तुलाही बाबांचं लागलं' असं कुणी म्हणू नका.

दुकानात करण्यासारखं थोडं सांगते. झेरॉक्सचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय. त्या यंत्रातून बारीक कण आणि थोडा ओझोन वायू बाहेर पडतो. गल्ल्याला चिकटून असेल तर ते लांब सरकवा आणि त्याच्या बाजूला बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा. सकाळ-संध्याकाळ गल्ल्यावर उदबत्ती-धूप लावत असाल तर त्याऐवजी निरांजन लावा. देवाला दिवा पोचतो, छातीला धूर पोचत नाही. रात्री डासांची कॉइल तर नकोच, मच्छरदाणी लावा. दुकान कोरडं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. माल उतरवायला येणाऱ्या टेम्पोवाल्याला इंजिन बंद करायला सांगायला संकोच करू नका. गल्ला उंबऱ्याशी असेल तर आत भिंतीकडे न्या. काही पावलांनीही धूर कमी होतो.

रुमाल बांधून या धुराचं काही अडत नाही, बारीक कण कापडातून आरामात जातात. नीट बसणारा एन-९५ मास्क कण अडवतो, पण दाढी असेल तर कडेनं गळतो, आणि वायू तर तोही अडवत नाही. मिरजेला गाडीवरून जाताना, उसाच्या ट्रॉलीमागं अडकल्यावर तो वापरा. दिवसभर गल्ल्यावर दमेकऱ्यानं तो लावून बसावं असं मी सांगणार नाही. हवा शुद्ध करणारं यंत्र उघड्या दुकानात पैसे वाया घालवणं आहे. झोपायच्या खोलीत, दारं-खिडक्या लावून, उपयोगाचं ठरतं.

सर्वांत मोठा बदल दादांच्या हातात आहे, आणि तो फुकट आहे. संध्याकाळचे गर्दीचे तीन तास त्यांनी गल्ला सांभाळावा, तुम्ही सकाळी उघडायचं, दुपारचा हिशोब आणि मालाची खरेदी घ्यायची. त्यांच्याही छातीचा विचार करून मधूनमधून कामाचा पोरगा बसवावा. त्यांच्याशी बोलताना हा लेख पुढं करू नका, वही पुढं करा. व्यापारी माणूस आहे, आकडे त्याला कळतात. संध्याकाळी ते गल्ल्यावर होते त्या रात्री तुमचा आकडा पडला नाही, हे त्यांनी स्वतः वाचलं तर 'तुलाच कसं' हे ते पुन्हा विचारणार नाहीत.

हे सगळं तुमच्या एकट्याच्या घरापुरतं राहू नये असंही मला वाटतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सांगली आहे. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-सहाच्या आहेत, त्यांचा धूर खूप कमी झालाय. पण जुनी वाहनं अजून धावताहेत, आणि ब्रेक-टायरची झीज आणि रस्त्यावरून उडणारी धूळ तर नव्या गाडीचीही असते. तेव्हा खड्डे, रस्त्याकडेची माती, उघड्यावर पेटणारा कचरा याबद्दल तुमच्या रस्त्यावरच्या दुकानदारांनी मिळून महापालिकेकडे लेखी अर्ज द्यावा. एकट्या आजारी माणसाची तक्रार म्हणून नको, चहावाल्याचीही सही घ्या.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा. निळा पंप घेऊन चार तासांच्या आत पुन्हा लागला, एक वाक्य दम न घेता बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखान्यात जायचं.

नवं घर मिळायला महिने लागतील, वही सोमवारपासून सुरू होईल, डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनी मिळेल. पण तुमच्या वरच्या मजल्यावर रस्त्याकडच्या बाजूला एक खोली आणि मागच्या बाजूला एक खोली असणारच. मुलीचं अंथरूण आज रात्री मागच्या खोलीत टाका, तुमचंही. रस्त्याकडची खिडकी संध्याकाळी पाचलाच लावून घ्या आणि मागची उघडी ठेवा.